विश्वासाबाहेरच्या लोकांशी वागताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेल्या पत्रांचा रोख एकच आहे : जे ख्रिस्तावर विश्वास ठेवत नाहीत त्यांच्याशी आपण कसे वागावे, त्यांचे किती सोसावे आणि कुठे थांबावे. पत्रलेखकांची नावे व ओळख पटेल असे तपशील नेहमीप्रमाणे गाळले आहेत. काही पत्रे बरीच लांब होती. त्यांचा आशय तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : माझ्या कार्यालयातील एक सहकारी माझ्या विश्वासाची रोज थट्टा करतात. उत्तर दिले तर वाद वाढतो. गप्प बसलो तर ‘उत्तर नाही म्हणून गप्प आहे’ असे ते सगळ्यांदेखत म्हणतात. प्रभूची साक्ष राखण्यासाठी उत्तर द्यायलाच हवे ना? आणि सहन करायचे ते किती दिवस?

उत्तर : रोज थट्टा करणारा माणूस रोज प्रश्न विचारत असतो असे नव्हे, आणि तुमची निम्मी अडचण या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे निर्माण झाली आहे, असे मला वाटते. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आपल्या आशेविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सिद्ध असावे असे सांगितले आहे, हे खरे. पण ते उत्तर विचारणाऱ्याला द्यायचे आहे आणि सौम्यतेने व आदराने द्यायचे आहे, हा पुढचा भाग आपल्या तोंडी सहसा येत नाही. हे पत्र काही सुखवस्तू, सुरक्षित मंडळीला लिहिलेले नाही. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया आणि बिथुनिया या प्रांतांत विखुरलेल्या, ज्यांच्याविषयी भोवतालचे लोक वाईटसाईट बोलत होते अशा विश्वासणाऱ्यांना ते लिहिलेले आहे, आणि त्यांनाही पेत्र टोल्यास टोला द्यायला सांगत नाही. विवेक शुद्ध ठेवा, म्हणजे निंदा करणाऱ्यालाच पुढे ओशाळे व्हावे लागेल, एवढेच तो सांगतो.

नीतिसूत्रांच्या २६ व्या अध्यायात चौथे आणि पाचवे वचन एकमेकांना लागून आहेत. एक म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणास अनुसरून उत्तर देऊ नको. दुसरे म्हणते, दे. (तुमच्या सहकाऱ्यांना मूर्ख ठरवण्याचा माझा मुळीच हेतू नाही; कोणत्या बोलण्याला उत्तर द्यावे आणि कोणते कानाआड करावे, हे प्रसंग पाहून ठरवायचे असते, एवढेच या जोडीतून घ्यायचे आहे.) सगळ्यांदेखत झालेल्या वादात ऐकून घेण्यासाठी कोणी बोलत नाही, दोघेही बघ्यांसाठी बोलतात आणि हरल्यासारखे दिसू नये म्हणून आवाज चढवतात. तेव्हा एकदा शांतपणे त्यांना सांगा की हा विषय तुम्हाला जिवाभावाचा आहे, त्यांना खरोखर काही समजून घ्यायचे असेल तर काम संपल्यावर निवांत बसून बोलायला तुम्ही तयार आहात. त्यानंतर थट्टा सुरू झाली की हातातल्या कामाकडे वळा. ‘उत्तर नाही म्हणून गप्प आहे’ असे ते म्हणतील, तर म्हणू द्या. पिलातापुढे आपला प्रभूही पुष्कळशा आरोपांवर गप्पच राहिला होता.

मात्र गप्प राहणे एवढ्यालाच सहनशीलता म्हणत नाहीत. गप्प बसून मनात हिशेब ठेवणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पौलाने तीमथ्याला लिहिले (२ तीमथ्य २:२४-२५) की प्रभूच्या दासाने भांडू नये, तर सर्वांशी सौम्यतेने वागावे, सहन करावे आणि विरोध करणाऱ्यांना नम्रतेने शिकवावे. तुमच्या बाबतीत याची कसोटी वादात लागणार नाही, ती कामात लागेल. समजा, या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या कागदात एक ढोबळ चूक तुमच्या नजरेस आली. ती तुम्ही त्यांना एकटे गाठून दाखवता, की वरिष्ठ समोर असतील त्या घटकेची वाट पाहता? ते आजारी पडून रजेवर गेले तर त्यांचे अडलेले काम उचलायला तुम्ही स्वतःहून पुढे होता का? थट्टेचे उत्तर अशा ठिकाणी द्यायचे असते, आणि तेही उत्तर दिल्याचा आव न आणता.

थट्टेचे रूपांतर छळात झाले, तुमच्या कामावर किंवा बढतीवर त्याचा परिणाम होऊ लागला, तर मात्र रीतसर तक्रार करणे हे ख्रिस्ती वृत्तीच्या विरुद्ध आहे असे समजू नका. यरुशलेमेत फटके मारण्यासाठी पौलाला बांधले तेव्हा त्याने जवळ उभ्या असलेल्या शताधिपतीला विचारले की, रोमी नागरिकाला चौकशीवाचून फटके मारणे कायद्याला धरून आहे काय (कृत्ये २२:२५). या विचारण्यात राग नाही, सूड नाही. जो हक्क त्याला होता तो त्याने सांगितला, बस्स.

राहिला ‘किती दिवस’ हा प्रश्न. स्तेफन या विश्वासणाऱ्याला दगडमार झाला तेव्हा मारेकऱ्यांची वस्त्रे सांभाळत शौल नावाचा एक तरुण उभा होता. पुढे हाच पौल म्हणून लिहिताना स्वतःला निंदक आणि छळ करणारा म्हणतो, आणि ख्रिस्ताने आपली सगळी सहनशीलता माझ्या ठायी दाखवली असे सांगतो (१ तीमथ्य १:१३-१६). त्या दिवशी तिथे असलेल्या कोणाही विश्वासणाऱ्याला शौलासाठी मुदत घालून द्यायला सांगितले असते, तर ती फार लांबची निघाली नसती.

प्रश्न : मैत्रिणीच्या आईच्या आजारपणात मी बरीच धावपळ केली. नंतर ती मला म्हणाली, ‘हे सगळे तू मला तुझ्या धर्मात ओढण्यासाठी करतेस, हे मला कळते.’ मला फार लागले. पण विचार केल्यावर वाटते, ती अगदीच चुकीचे बोलली का? ती प्रभूकडे यावी असे मला मनापासून वाटते. मग माझी माया खोटी ठरते का?

उत्तर : जे आपल्याला सर्वांत मोलाचे वाटते ते आपल्या जिवलग माणसालाही मिळावे अशी इच्छा असणे, हे मायेचेच अंग आहे. तिच्याविषयी तुम्हाला असे काही वाटलेच नसते, तर उलट तुमच्या विश्वासाबद्दल किंवा तुमच्या मैत्रीबद्दल शंका घ्यावी लागली असती. प्रश्न इच्छेचा नाही. माया त्या इच्छेच्या पायावर उभी आहे का, हा आहे. उद्या मैत्रिणीने तुम्हाला स्पष्ट सांगितले की, ‘मी कधीही विश्वास ठेवणार नाही आणि हा विषय पुन्हा काढू नकोस,’ तर परवा तिच्या आईला डॉक्टरांकडे न्यायला तुम्ही जाल का? याचे उत्तर मनाशी प्रामाणिकपणे द्या. ‘जाईन’ असे असेल, तर तुमची माया खरी आहे.

लूकाच्या शुभवर्तमानात (१७:११-१९) दहा कुष्ठरोग्यांची हकिगत आहे. दहाही बरे झाले, एकच परत आला आणि तो शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत त्या लोकांपैकी, होता. ‘बाकीचे नऊ कोठे आहेत?’ असे येशूने विचारले खरे, पण त्या नऊ जणांचे बरेपण त्याने काढून घेतले नाही. श्रीमंत तरुणाची हकिगत तर याहून बोलकी आहे. येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली असे मार्क मुद्दाम नोंदवतो (१०:२१), आणि लगेच पुढच्या वचनात तो तरुण खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्यामागे धावत नाही, अट सैल करत नाही, आणि जाताना त्याला टोमणाही मारत नाही. तो पुढे परत आला की नाही, हे शुभवर्तमानात कुठेही सांगितलेले नाही. त्याच्यावरची प्रीती मात्र तो जाण्याआधीच नोंदली गेली आहे.

मंडळीच्या इतिहासातही याला आधार आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमी साम्राज्यात मोठी साथ पसरली. त्याच्या थोडेच आधी, इ. स. २५० मध्ये, सम्राट डेशियसच्या आज्ञेने ख्रिस्ती लोकांचा छळ झाला होता. साथ कार्थेजमध्ये पोहोचली तेव्हा लोक भीतीने आपल्याच माणसांना घराबाहेर टाकू लागले. तेथील बिशप सिप्रियन याने आपल्या लोकांना गोळा करून सांगितले की आपण केवळ आपल्यांचीच सेवा केली तर त्यात नवल ते काय, तेवढे तर जकातदारही करतात. ज्यांनी आपला छळ केला त्यांचेही बरे करायला हवे. त्याचा डीकन, म्हणजे मंडळीतला सेवक, पोंतियस याने हे लिहून ठेवले आहे. पुढे शंभरएक वर्षांनी सम्राट ज्युलियन (राज्यकाळ ३६१ ते ३६३) ख्रिस्ती विश्वास मागे हटवून जुन्या देवतांची उपासना पुन्हा रुजवण्याच्या खटपटीत होता. त्याने गलतियाच्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली आहे की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्याच नव्हे तर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमच्या लोकांना आमच्याकडून मदत मिळत नाही ही लाजेची गोष्ट आहे. तुमच्या मैत्रिणीच्या मनात जी शंका आली तशी ज्युलियनच्याही मनात होतीच. ही दया म्हणजे लोकांना भुलवण्याची युक्ती आहे असा त्याचा आरोप होता. म्हणजे हा आरोप सोळाशे वर्षांहून जुना आहे आणि तो आपल्यावर पुन्हा होणार, हे धरून चालावे. त्याला उत्तर वादाने देता येत नाही. जी मदत ‘नाही’ ऐकल्यानंतरही चालू राहते, तिच्यावर तो आरोप फार काळ टिकत नाही, इतकेच.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मैत्रीण ‘अगदीच चुकीचे’ बोलली नसावी असे तुम्हाला स्वतःलाच वाटले आहे. आजारी माणूस अगतिक असतो. औषधे, उठबस, तोंड धुणे या सगळ्यांसाठी तो दुसऱ्यावर अवलंबून असतो आणि मदत करणाऱ्याला ‘नको’ म्हणायला कचरतो. अशा वेळी त्याच्या उशाशी उपदेश करणे म्हणजे त्याच्या अगतिकतेचा फायदा घेणे होय. मग बोलणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. ‘मी तुमच्यासाठी प्रार्थना केलेली चालेल का?’ असे विचारावे. ‘नको’ आले, तर चेहरा न उतरवता त्यांची उशी नीट करून द्यावी, पाण्याचा पेला हाताशी ठेवावा आणि पुढच्या भेटीची वेळ सांगून निघावे. घरी येऊन प्रार्थना करायला आपल्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

मैत्रिणीला काय सांगावे, असे तुम्ही विचारले नाहीत, पण ते सांगणे मला आवश्यक वाटते. ‘तसे माझ्या मनातही नाही’ असे खोटे बोलू नका. तिला सांगा की, तुलाही ख्रिस्ताची ओळख व्हावी असे मला वाटते, ते मी लपवणार नाही. पण त्यासाठी मी येत नाही, आणि तू कधीच विश्वास ठेवला नाहीस तरी मी येत राहीन. एवढे बोलून विषय संपवा. आपला हेतू शुद्ध असल्याची खात्री तिच्याकडून वदवून घेण्याच्या मागे लागू नका. त्यात पुन्हा आपलेच समाधान आपण शोधत असतो.

आणखी एक. दया करणारे नेहमी आपण आणि घेणारे नेहमी बाहेरचे, असे चित्र पवित्र शास्त्रात नाही. जखमी वाटसरूला उचलून उतारशाळेत नेणारा आणि दोन दीनार पुढे ठेवणारा शोमरोनी होता. जहाज फुटून २७६ माणसे मिलिता बेटावर लागली तेव्हा पाऊस आणि थंडीत त्यांच्यासाठी शेकोटी पेटवली ती बेटावरच्या रहिवाशांनी, आणि ती असामान्य दया होती असे लूक लिहितो (कृत्ये २८:२). पौलही त्या शेकोटीत काटक्या घालत होता. तेव्हा तुमच्या मैत्रिणीने तुमच्यासाठी काही करू म्हटले तर ते आनंदाने करू द्या. नुसते देत राहणाऱ्या माणसाचा समोरच्याला संशय येतो, आणि तो अगदीच अनाठायी नसतो.

प्रश्न : ‘अविश्वासणाऱ्यांबरोबर विजोड होऊ नका’ असे वचन असताना त्यांच्याशी इतकी जवळीक ठेवणे योग्य आहे का? आमच्या मंडळीतील काही वडीलधारे शक्य तेवढे अंतर राखावे असे सांगतात.

उत्तर : त्या वचनातील (२ करिंथ ६:१४) चित्र जुवाचे आहे. एका जुवाला जुंपलेल्या दोघांना एकाच दिशेने चालावे लागते. म्हणून विवाह किंवा उपासना अशा, जिथे एकाची दिशा दुसऱ्याला पत्करावीच लागते, त्या संबंधांविषयी ते गंभीरपणे घ्यायला हवे. शेजार, मैत्री, कामातला सहवास यांना ते लागू करता येत नाही, कारण पौलाने स्वतःच तसे करण्याची वाट बंद करून ठेवली आहे. करिंथकरांनी त्याच्या आधीच्या एका पत्राचा असाच अर्थ काढला होता. त्यावर तो लिहितो की या जगातल्या लोकांची संगत मुळीच धरू नका असे माझे म्हणणे नव्हते, तसे असते तर तुम्हाला जगातूनच निघून जावे लागले असते; आणि जे बाहेर आहेत त्यांचा न्याय करणे माझ्याकडे कोठे आहे (१ करिंथ ५:९-१३)? त्याच पत्रात पुढे (१०:२७) अविश्वासी माणसाने जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर जा आणि पुढे वाढलेले खा, असे तो सांगतो. तुमच्या वडीलधाऱ्यांचा आदर राखून एवढेच म्हणेन की आपण बऱ्याचदा नेमके उलटे करतो : बाहेरच्यांचा न्याय करतो आणि आतल्यांच्या वागण्याकडे काणाडोळा करतो.

प्रश्न : सौम्यता, सौम्यता असे सारखे सांगितले जाते. पण एलीयाने बआलाच्या संदेष्ट्यांची टर उडवली, प्रभू येशूने परूश्यांना कडक शब्द वापरले. सत्य परखडपणे सांगणे हेच खरे प्रेम नव्हे का?

उत्तर : दोन्ही प्रसंगांत समोर कोण होते ते पाहा. कर्मेल डोंगरावर एलीया परक्या राष्ट्राला बोलत नव्हता. परमेश्वराशी करार केलेल्या आणि आता दोन मतांत लटपटणाऱ्या इस्राएल लोकांसमोर, त्यांना बहकवणाऱ्या संदेष्ट्यांविषयी तो बोलत होता. हाच एलीया त्याआधीच्या अध्यायात सीदोनाजवळच्या सारफथ गावी एका परक्या विधवेच्या घरी राहतो, तिच्या हातचे खातो, आणि तिचा मुलगा गेल्यावर तिने कडवट बोलून दोष दिला तेव्हा तिला न फटकारता मुलाला तिच्या कुशीतून घेऊन माडीवर जातो आणि देवाला आळवतो (१ राजे १७). प्रभू येशूचे कडक शब्दही मोशेच्या आसनावर बसलेल्या शास्त्री-परूश्यांसाठी आहेत. जे स्वतःला आतले आणि इतरांचे वाटाडे समजत होते त्यांच्यासाठी ती भाषा होती. विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी त्याने बोलायला सुरुवात केली ती ‘मला प्यायला पाणी दे’ अशी. तिच्या संसाराविषयीचे कटू सत्य त्याने सांगितले, पण ते बोलणे सुरू झाल्यावर, आणि तिच्या गावकऱ्यांसमोर नव्हे.

पौलाचे उदाहरण आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. अथेनै शहर मूर्तींनी भरलेले पाहून त्याच्या मनाचा संताप झाला असे कृत्ये १७ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. पण अरीयपग या तिथल्या सभेपुढे उभा राहिल्यावर त्या संतापाचा एकही शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही. तुम्ही धर्माच्या बाबतीत फार आस्थेवाईक आहात असे तो म्हणतो, त्यांच्याच वेदीवरचा लेख दाखवतो, त्यांच्याच कवींच्या ओळी उद्धृत करतो, आणि मग जे सांगायचे ते, पुनरुत्थान आणि न्यायाचा दिवस यांसह, काहीही न वगळता सांगतो. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले की याविषयी आम्ही पुन्हा ऐकू, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला. इफिसात देमेत्रिय सोनाराने दंगल उसळवली तेव्हा तर जमावाला शांत करणाऱ्या नगरलेखकाने, म्हणजे बाहेरच्या माणसाने, भर सभेत सांगितले की या माणसांनी देवळे लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही (कृत्ये १९:३७). पौल त्या शहरात दोन वर्षांहून अधिक काळ शिकवत होता आणि हातांनी घडवलेले देव हे देवच नव्हेत असे उघड सांगत होता. तरीही ही ग्वाही त्याच्या सोबत्यांना मिळाली. आपल्या गावातल्या एखाद्या अधिकाऱ्याला आपल्याविषयी अशी ग्वाही देता येईल का, याचा विचार परखडपणाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी जरूर करावा.

याला एक अपवाद सांगितला नाही तर उत्तर अपुरे राहील. कुप्र बेटावर अलीम नावाच्या जादूगाराला पौलाने अतिशय कठोर शब्द सुनावले (कृत्ये १३). परंतु तो माणूस स्वतः विश्वास ठेवत नव्हता म्हणून नव्हे. जो सुभेदार वचन ऐकू इच्छित होता त्याला तो आडवा येत होता म्हणून. दुर्बळाची वाट अडवणाऱ्याला कडक बोलणे आणि आपल्याशी असहमत असणाऱ्याला कडक बोलणे, यांत फरक आहे, आणि रागाच्या भरात तो आपल्याला दिसत नाही.

प्रश्न : माझे पती विश्वासात नाहीत, आणि आता मोठा मुलगाही मंडळीत येणे सोडून विश्वासाची खिल्ली उडवू लागला आहे. जेवताना रोज खटके उडतात. मी किती धीर धरू?

उत्तर : तुमच्यासारख्याच एका स्त्रीची हकिगत तुम्हाला सांगतो. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत राहणारी मोनिका ही, पुढे मंडळीचा मोठा शिक्षक झालेल्या ऑगस्टीनाची आई. नवरा पत्रिसियस ख्रिस्ती नव्हता आणि भडक माथ्याचा होता. तो रागात असताना ती प्रत्युत्तर करीत नसे, राग ओसरल्यावर आपली बाजू शांतपणे समजावून सांगत असे. आयुष्याच्या अखेरीस त्याने विश्वास ठेवला. मुलाची गोष्ट याहून अवघड होती. तो मानी पंथात (प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वे मानणाऱ्या पंथात) शिरून तिच्या विश्वासाला हसू लागला तेव्हा तिला ते इतके असह्य झाले की त्याच्याबरोबर एका मेजावर जेवायचे तिने सोडले. पुढे एका स्वप्नाने धीर आल्यावर तिने त्याला पुन्हा पंक्तीला घेतले. ध्यानात घ्या, ऑगस्टीन तेव्हा बदललेला नव्हता आणि त्यानंतरही कित्येक वर्षे बदलला नाही. आधी मेज एक झाले. विश्वास फार पुढे आला.

तिने एका बिशपाला गळ घातली की तुम्ही माझ्या मुलाशी वाद घालून त्याचे मत पालटा. त्याने नकार दिला. मुलगा अजून नव्या मताच्या धुंदीत आहे, त्याला असू द्या, त्याच्यासाठी प्रार्थना करा, वाचता वाचता त्याला स्वतःलाच चूक उमगेल, असे त्याने सांगितले. ती रडून पुन्हा पुन्हा विनवू लागली तेव्हा तो काहीसा वैतागून म्हणाला की आता जा, इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणे शक्य नाही. (वैतागलेला पाळक हे चित्र मला फार खरे वाटते.) पुढे मिलानमध्ये ऑगस्टीनाला बिशप अँब्रोझ भेटला, आणि त्याच्याविषयी ऑगस्टीनाने स्वतः लिहिले आहे की आरंभी तो मला आवडला तो सत्याचा शिक्षक म्हणून नव्हे, तर माझ्याशी मायेने वागणारा माणूस म्हणून. इ. स. ३८७ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला.

प्रत्येक मोनिकेला असे दिवस दिसतातच, असे वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही. पवित्र शास्त्रही ते देत नाही. पण जेवणाच्या वेळचा खटका टाळणे तुमच्या हाती आहे. मुलाने खिल्ली उडवली की विषय बदला, त्याच्या कामाची, मित्रांची चौकशी करा, आणि ती चौकशी खरी असू द्या. पतींच्या बाबतीत पेत्राने (१ पेत्र ३:१) शब्दावाचून, वागणुकीने मिळवण्याची जी वाट सांगितली आहे ती लांबची आहे. मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो : सौम्यता म्हणजे मारहाण सोसणे नव्हे. तुमच्या पत्रात तसे काही नाही, परंतु हे वाचणाऱ्या एखादीच्या घरात असेल, तर तिने सुरक्षित जागी जावे आणि मदत घ्यावी. धीराच्या नावाखाली तिला तिथेच राहायला सांगणाऱ्याचे ऐकू नये.

प्रश्न : दुसऱ्या धर्माच्या मित्राकडे मृत्यू झाला तर अंत्यविधीला जावे का?

उत्तर : जावे. शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा (रोम १२:१५) या आज्ञेत कोणाचा शोक, असा भेद केलेला नाही. ज्या विधीत भाग घेणे तुमच्या विवेकाला पटत नाही तिथे मागे, शांतपणे उभे राहावे. त्याचे स्पष्टीकरण त्या दिवशी देत बसू नये. नामान हा अरामी सेनापती कुष्ठरोगातून बरा होऊन परत निघाला तेव्हा राजाबरोबर रिम्मोनाच्या देवळात आपल्याला वाकावे लागेल ही अडचण त्याने अलीशापुढे ठेवली, आणि अलीशा एवढेच म्हणाला, ‘शांतीने जा’ (२ राजे ५:१८-१९). त्या प्रसंगावरून कोणी सरसकट नियम काढू नये; पण नुकता विश्वासात आलेला माणूस अडचणीत असताना संदेष्ट्याने त्याला किती वेळ दिला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रश्न : पायांची धूळ झटकून टाका, असेही प्रभूनेच सांगितले आहे. मग कधीतरी थांबायचेच ना?

उत्तर : संदेश सांगणे थांबवता येते; दया थांबवण्याची परवानगी त्या वचनात नाही. लूकाच्या नवव्या अध्यायात धूळ झटकण्याची सूचना आहे, आणि त्याच अध्यायात पुढे एका शोमरोनी गावाने येशूला उतरू दिले नाही तेव्हा याकोब व योहान आकाशातून अग्नी पाडू का, असे विचारतात. येशू त्यांनाच धमकावतो आणि सगळे दुसऱ्या गावी जातात. काही वर्षांनी शोमरोनात वचन स्वीकारले गेल्याचे कळल्यावर यरुशलेमेहून ज्या दोघांना तिकडे पाठवले गेले त्यांतला एक हाच योहान होता, आणि अग्नी मागणाऱ्या त्या माणसाने तिथल्या लोकांवर हात ठेवून त्यांना पवित्र आत्मा मिळावा म्हणून प्रार्थना केली (कृत्ये ८:१४-१७). जो ऐकू इच्छित नाही त्याला सांगणे जरूर थांबवा. भेटल्यावर नमस्कार करणे, अडीअडचणीला धावून जाणे चालू ठेवा.

प्रश्न : शेजाऱ्यांशी क्षुल्लक कारणावरून भांडण झाले आणि रागाच्या भरात मी त्यांच्या श्रद्धेविषयी नको ते बोललो. आता तोंड दाखवायला लाज वाटते. काय करावे?

उत्तर : आजच जा. क्षमा मागताना ‘पण तुम्हीही’ हे शब्द येऊ देऊ नका, आणि मूळ भांडणाचा निवाडा त्याच भेटीत उरकण्याचा प्रयत्नही करू नका. तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. तुमच्या श्रद्धेविषयी मी जे बोललो ते चुकीचे होते, ते माझ्या प्रभूच्या शिकवणुकीलाही धरून नव्हते, मला क्षमा करा, एवढे पुरे आहे. प्रभूच्या नावाचा उल्लेख आला म्हणून त्याचे प्रवचन करू नका. ते वाक्य तुम्ही इतरांसमोर बोलला असाल, तर ज्यांनी ते ऐकले त्यांच्याकडेही जाऊन ते मागे घ्या, कारण शेजाऱ्यांचा अपमान त्यांच्यासमोर झाला आहे. शेजाऱ्यांनी लगेच क्षमा केली नाही, दार लावून घेतले, तरी तो त्यांचा हक्क आहे असे समजा. पुन्हा पुन्हा दार वाजवून त्यांना भरीस पाडू नका. जिन्यात भेटले की आपणहून बोला, आणि ज्या क्षुल्लक कारणावरून वाद झाला ते कारण तुमच्या बाजूने दूर करता येण्यासारखे असेल, तर त्यांनी पुन्हा सांगण्याची वाट न पाहता दूर करा.